मधल्या कडीची घनता

५ फेब्रुवारी

मिळाली नोकरी. हमदम-अकाने आज माझ्या अर्जावर सही केली. मी टेबलापलीकडे उभी राहून त्याच्या हाताकडे बघत होते. तोच हात. चौदा वर्षांपूर्वी याच हाताने लिहिलं होतं, "भट्टी वेळेआधी थंड केली. दोष भट्टीवाल्याचा." तो भट्टीवाला म्हणजे माझे वडील, मामासोली उस्ता.

माझं तोंडसुद्धा त्यानं नीट पाहिलं नाही. अर्ज दोनदा वाचल्यासारखा केला, चष्मा काढून पुसला, परत लावला. मग म्हणाला, "आठ वर्षं प्रयोगशाळेत काढलीस, म्हणजे वजनकाटा कळत असेल."

"कळतो."

"मग उद्यापासून ये. इथे काट्याशी खोटं बोलायचं नाही, एवढंच."

हे त्यानं सांगावं! ओठांत हसू दाबलं मी.

नवऱ्याला सोडून सहा वर्षं झाली, पण आडनाव त्याचंच ठेवलं होतं. कुर्बोनोवा. ते आज कामी आलं. वडिलांचं नाव अर्जात असतंच, पण सह्या ठोकणारी माणसं कागद वाचत नसतात.

कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून ही वही. त्या माणसाचं वाटोळं झालेलं मला बघायचं आहे. दुसरं काही नको.

९ फेब्रुवारी

आमच्या सिरॅमिकच्या कारखान्याच्या फाटकाशी मानाची पाटी आहे. चांगल्या कामगारांचे फोटो लावतात. वडिलांचा फोटो तिथे एकोणीस वर्षं होता. त्या जागेवर आता हमदम-अका आहे, कोटाला पदक लावून. जूनमध्ये तो कारखान्याचा संचालक होणार, असं सगळे बोलतात.

भट्टीवर आता इबोदुल्ला-अका असतो. पोट सुटलेला, तोंडाचा फाटका. वयाने मोठा असून मला थोरल्या बहिणीसारखी ओपा म्हणून हाक मारतो. म्हणाला, "ओपा, तुमच्या आधीच्या बाई घनता मोजायच्या तेव्हा जीभ बाहेर काढायच्या. तुम्ही दात खाता. नळी फुटेल की तुमचे दात, बघू आता."

मी त्याला माझ्या वडिलांविषयी काही विचारलं नाही. तोच आपणहून म्हणाला, "ही भट्टी मामासोली उस्ताने बांधलेली. आत डोकावून नुसत्या रंगावरून उष्णता सांगायचा. आम्ही यंत्र लावून बघायचो, दहा अंशांचा फरक निघायचा नाही." मग घसा खाकरला आणि भट्टीचं दार पुसायला लागला. दार स्वच्छच होतं.

असा माणूस भट्टी वेळेआधी उतरवेल?

१२ फेब्रुवारी

काय झालं होतं ते एकदा नीट लिहून ठेवते.

सरकीच्या तेलाच्या गिरणीत मोठे पंप असतात. पंपाच्या लोखंडी दांड्यावर आमच्याकडची पांढरी सिरॅमिकची नळी बसते. वीतभर लांब, मनगटाएवढी जाड. तेलाच्या दाबात ती दिवसभर मागेपुढे पळते. पोलाद झिजतं, ती झिजत नाही. पण आतून सच्छिद्र राहिली तर एका क्षणात फुटते. त्या वर्षी एक फुटली. तिथल्या कुणा कामगाराचा डोळा गेला.

तोवर नळ्या पातळ घोळ प्लास्टरच्या साच्यात ओतून करत. साचा पाणी पितो, भिंतीला माती धरते, मग आठवडाभर सावलीत वाळवायचं. हमदम-अका तेव्हा विभागप्रमुख होता. नवरूझच्या सणाआधी आकडा गाठायचा म्हणून त्यानं साचे बंद केले आणि कोरडी भुकटी प्रेसवर दाबायला लावली. वरून एक दट्टा, खालून एक. मिनिटाला एक नळी. नळी फुटली तेव्हा मात्र दोष प्रेसचा निघाला नाही. दोष भट्टीचा निघाला.

फोटो उतरला. वडील चहाखान्यात गेले की बोलणं थांबायचं. लग्नांची आमंत्रणं थांबली. तीन वर्षांनी तेही थांबले. घरीच, अंगणातल्या खाटेवर गेले.

फुटलेल्या नळीचा अर्धा तुकडा त्यांनी घरी आणला होता. का, ते मला माहीत नाही. आईच्या रजयांच्या पेटीत तळाशी आहे.

२० फेब्रुवारी

आज हमदम-अकाकडे गेले आणि म्हटलं, एकाच भुकटीच्या नळ्या तीन तऱ्हांनी करून एकाच भट्टीत भाजून बघायच्या आहेत. वाटलं, का म्हणून विचारेल. उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं विचारलंच नाही. "हिऱ्याची करवत लागेल तुला, कड्या कापायला," म्हणाला. "माझ्या कपाटात आहे. किल्ली घे."

मूर्ख म्हातारा. स्वतःच्या हाताने मला करवत देतो.

५ मार्च

निकाल आले. तीन दिवस भाजणं, दोन दिवस निवणं, एक दिवस कापणं. प्रत्येक नळीच्या पाच कड्या केल्या. कोरडं वजन घेतलं, दोन तास पाण्यात उकळल्या, मग पाण्यात लटकवून वजन, मग ओल्या फडक्याने टिपून वजन. त्यावरून घनता काढली.

साच्यात ओतलेली: सगळीकडे तीन दशांश अठ्ठ्याऐंशी. फक्त एकीत हवेचा बुडबुडा राहून खड्डा पडला होता.

रबरी पिशवीत भुकटी भरून पाण्याने चहूबाजूंनी दाबलेली: सगळीकडे शहाऐंशी.

प्रेसची: दोन्ही टोकांना चौऱ्याऐंशी. मधल्या कडीला पंचेचाळीस. तीन दशांश पंचेचाळीस!

लहान मुलालाही कळेल असं आहे. भुकटीचे कण साच्याच्या भिंतीला घासतात, दाब वाटेतच खर्च होतो, मध्यापर्यंत पोचत नाही. टोकाला कण एकमेकांना चिकटून बसतात, मध्ये सैल राहतात. भट्टीत टोकं घट्ट एकजीव होतात. मध्य जास्त आकसतो, कंबर बारीक होते, आणि तरीही आत भोकं राहतातच. मग नळी बाहेरून घासून सारखी करतात. डोळ्याला काही दिसत नाही. उष्णता कितीही द्या, जे कण एकमेकांपर्यंत पोचलेलेच नाहीत ते भट्टी कशी जोडणार?

आणि भट्टी कच्ची उतरवली असती तर? तर टोकं आणि मध्य, सगळंच हलकं निघालं असतं. सारखंच हलकं.

म्हणजे कुणाचा दोष ते त्या पेटीतल्या तुकड्यात लिहिलेलं आहे. चौदा वर्षं रजयांखाली.

६ मार्च

आई शेजारी गेली होती तेव्हा तुकडा काढला. प्रयोगशाळेत नेऊन करवतीने कापला.

टोकाकडून फुटीकडे पाच कड्या: त्र्याऐंशी, एकोणऐंशी, अडुसष्ट, पंचावन्न, एक्केचाळीस.

पुन्हा मोजल्या. तेच.

टोक त्र्याऐंशी आहे. म्हणजे भट्टीने तिचं काम केलं होतं. माझ्या वडिलांनी त्यांचं काम केलं होतं.

खिडकीपाशी उभी राहून रडले. इबोदुल्ला-अका आत आला, मला बघून तसाच मागे वळला आणि दाराबाहेर कुणाला तरी मोठ्याने म्हणाला, "आत जाऊ नका रे, बाई काटा जुळवतायत!"

८ मार्च

आज बायकांचा सण. हमदम-अकाने प्रत्येकीच्या टेबलावर ट्यूलिपची तीन फुलं ठेवली. माझ्या टेबलावर पाच. इबोदुल्ला-अका म्हणाला, "वशिला आहे वाटतं." मी पाचही फुलं कचऱ्याच्या टोपलीत उलटी खोचली. हमदम-अका दारातून गेला, पाहिलं त्यानं. 

कड्यांचा कागद तयार आहे. पण द्यायचा कुणाला? जुना मामला, जुना तुकडा. म्हणतील, बाई, हा तुकडा तोच कशावरून? हमदम-अका दोन दिवस तोंड पाडेल आणि जूनमध्ये संचालक होईल. कागदाने त्याचं काय बिघडणार? वडिलांचं कागदानेच बिघडलं, हे खरं. पण तेव्हा कागदासोबत एक फुटलेली नळी होती.

मला फुटलेली नळी हवी.

२१ मार्च

नवरूझ. गल्लीतल्या बायकांनी सुमलक शिजवलं. कढई ढवळायची पाळी आईची आणि माझी मिळून आली. गव्हाच्या कोंबांची गोड वाफ, आणि आई एकदम म्हणाली, "पेटीतला तुकडा कुठाय?"

मी सांगितलं. कड्या, आकडे, सगळं. म्हटलं, "आई, ते निर्दोष होते. मी सिद्ध केलंय."

ती ढवळत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापाला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"कच्ची नळी हातात घेऊन मध्यावर नखाने टिचकी मारायचा. त्या दिवशी घरी आला तो जेवलाच नाही. म्हणाला, आज भट्टीत जे भरलं त्यातलं निम्मं भरायला नको होतं."

"मग? भरायला लावलं त्यानं! वडील काय करणार होते?"

"ते मला काय माहीत? मी आपलं तो काय म्हणाला ते सांगते."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"कढई करपेल," आई म्हणाली. "हात चालव."

चौदा वर्षं हिने तोंड शिवून ठेवलं आणि आता हे. वडील दुःखात गेले आणि ही त्यांच्यातच खोट काढते. दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

२ एप्रिल

नशीब माझ्याकडे आपल्या पायांनी चालत आलं.

जिथे नळी फुटली होती त्याच गिरणीची मागणी आहे, चाळीस नळ्या. हल्ली ज्यावर नळ्या करतो त्या पिशवीवाल्या यंत्राचा पंप बिघडलाय, सुटा भाग यायला दोन महिने लागतील. साच्यांचा विभाग केव्हाच मोडलाय, प्रयोगाला वापरले ते दोन-चार जुने साचे चाळीस नळ्यांना पुरणार नाहीत. गिरणीला नळ्या एप्रिलअखेर हव्यात, नाहीतर हंगाम बुडेल.

हमदम-अका सकाळी माझ्याकडे आला. खुर्ची ओढून बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बसला.

"एकच रस्ता दिसतो," म्हणाला. "प्रेस. पण भुकटीत मेण वाढवायचं, भिंत घासायला नको म्हणून. दाब सावकाश चढवायचा. दहा नळ्या करू. त्यातली एक तू काप आणि मधली कडी मोज. ऐंशीच्या वर आली तर पुढे जाऊ. खाली आली तर मी गिरणीला सरळ नाही म्हणून कळवतो."

"संचालकपदाचं काय मग?" माझ्या तोंडून गेलंच.

तो माझ्याकडे बघत राहिला. "तू आकडा सांग, पोरी. तू सांगशील तो आकडा. मी त्यावर जाईन."

भित्रा. तेव्हा माझ्या बापाच्या डोक्यावर ठेवलं, आता माझ्या डोक्यावर ठेवतोय.

१४ एप्रिल

मधली कडी: तीन दशांश चव्वेचाळीस.

मेणाने काही फरक पडला नाही. पडेल असं मला वाटलंही नव्हतं.

काटा स्थिर झाला. बाहेर तुतीच्या झाडावर साळुंक्या भांडत होत्या. मी पेन उचललं आणि नोंदवहीत लिहिलं: तीन दशांश चौऱ्याऐंशी. दोन चाराच्या जागी दोन आठ... नाही, एकाच चाराचा आठ. एवढासा फरक. खाली सही केली.

हमदम-अकाने वही बघितली. "चौऱ्याऐंशी?" म्हणाला. चेहरा असा उजळला की मला किळस आली. "मेणाने काम केलं म्हणायचं! म्हणजे तेव्हाही मेण घातलं असतं तर..." तिथेच थांबला. मग वही मिटून माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली, भाकरी देतात तशी.

दुसऱ्यांदा मोज, असं म्हणालासुद्धा नाही.

१५ एप्रिल

झोप छान लागली.

१९ एप्रिल

दिवसाला आठ नळ्या भट्टीत जातायत. इबोदुल्ला-अकाने आज भाजलेली एक नळी उचलली, टांगली आणि चमच्याने वाजवली. "ओपा, हिचा आवाज मला आवडत नाही. बायकोने 'काही नाही' म्हटल्यासारखा येतोय."

"आकडा वहीत आहे," मी म्हटलं.

"वहीत आहे तर मग आहे," तो म्हणाला आणि नळी ठेवून दिली.

२२ एप्रिल

गिरणीत काय होईल ते मनात हजार वेळा पाहिलं. दाब चढतो, नळी फुटते, सगळे एकमेकांकडे बघतात, आणि हमदम-अकाच्या कोटावरचं पदक लटपटतं. त्याच्या बायकोला दुकानात कुणी ओळख देत नाही. त्याच्या मुलाच्या लग्नाला कुणी येत नाही.

मनातल्या त्या चित्रात पंपाजवळ कुणीच उभं नसतं. आज लिहिताना हे लक्षात आलं. यंत्रं काय, दुरूनही चालतात. हल्ली सगळीकडे बटणं असतात.

२६ एप्रिल

हमदम-अका म्हणाला, उद्या चाचणीला तू पण चल. "तुझं काम आहे. तुझ्या डोळ्यांनी बघ."

बघणारच आहे.

२८ एप्रिल

काल लिहू शकले नाही. आज सगळं लिहिते.

सकाळी आम्ही गिरणीत पोचलो. हमदम-अका, इबोदुल्ला-अका, मी, आणि संचालकांच्या खोलीतून आलेले गिरणीचे तीन-चार साहेब. पंपाच्या खोलीत सरकीचा उग्र वास. पंपाशेजारी, अगदी हाताच्या अंतरावर, स्टुलावर एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, डोक्यावर जुनी दोप्पी टोपी. समोर किटली आणि अर्धा नान. आम्ही आत आलो तसा तो उठला, उजवा हात छातीवर ठेवला, मान झुकवली. त्याचा डावा डोळा नव्हता. त्या जागी नुसती ओढलेली कातडी.

"हा तिलावोल्दी," गिरणीचे साहेब म्हणाले. "पंप याच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत."

"ऐकतात सगळ्यांचं," तिलावोल्दी म्हणाला. "पण त्यांचं कुणी ऐकत नाही. मी कान लावून बसतो. डोळ्याचं काम कानाला दिलंय." आणि हसला.

चौदा वर्षांत मी त्याचं नाव कधी विचारलं नव्हतं.

हमदम-अका त्याच्यापाशी गेला. दोघांनी हात मिळवले, चांगला वेळ. एकमेकांना ओळखत होते. "या वेळी नळ्या चांगल्या आहेत," हमदम-अका त्याला म्हणाला. "मधली कडीसुद्धा मोजून घेतली आहे. या पोरीनं मोजली."

तिलावोल्दीने माझ्याकडे बघून हात छातीवर ठेवला. "तुमच्या हाताला यश येवो, बहिणी."

बटणापाशी बसलेल्या चालकाने पंप सुरू केला. साठ. ऐंशी. शंभर. दाबाचा काटा चढत होता आणि तिलावोल्दी वाकून, उरलेला डोळा मिटून, कान नळीजवळ नेत होता. गिरणीचे साहेब बोलत होते. एकशेवीस. तो आणखी वाकला.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. इबोदुल्ला-अका म्हणतो, मी "चव्वेचाळीस! चव्वेचाळीस!" असं ओरडत होते. मी तिलावोल्दीच्या सदऱ्याला धरून ओढलं, तो स्टुलावरून माझ्या अंगावर पडला, किटली लवंडली.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. एकट्या हमदम-अकाला कळलं. त्यानं सगळ्यांना भिंतीमागे हाकललं. "चालक, तूसुद्धा. सगळे!" पंप चालूच होता. एकशेचाळीसवर फुटली. भिंतीवर गारा पडाव्यात तसा आवाज. आत जाऊन पाहिलं तर नळी बरोबर कंबरेत दोन झाली होती, आणि स्टुलाच्या पाठीमागच्या भिंतीत बोटभर लांबीची ढलपी रुतली होती.

साहेब ओरडायला लागले. हमदम-अकाने टोपी काढली आणि म्हणाला, "चूक माझी. प्रेसवर करायचा निर्णय माझा. प्रयोगशाळेने नको म्हटलं होतं."

खोटं. सरळ सरळ खोटं. माझ्यासाठी.

परतताना गाडीत मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "अर्जात बापाचं नाव असतं, पोरी. मी अर्ज वाचतो."

इबोदुल्ला-अकाने रेडिओ बंद केला.

"तुझ्या बापाने मला सांगितलं होतं," हमदम-अका म्हणाला. "भट्टी भरताना. 'हमदमजान, यांची कंबर पोकळ आहे.' मी म्हटलं, भर. तो भरायला लागला. एकदा सांगितलं त्यानं. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं की नाही, हे मी चौदा वर्षं स्वतःला विचारतोय."

"ऐकलं नसतंत," मी म्हटलं.

"नसतं," तो म्हणाला.

२ मे

फाटकाशी लावलेला हमदम-अकाचा फोटो उतरला. चार खिळे आणि फिकट चौकोन. संचालक दुसरा कुणी होणार. चौकशी समिती बसणार आहे. हमदम-अकाने सगळं आपल्या अंगावर घेतलंय. मी काही बोलले नाही तर झालं. जसं मला हवं होतं, अगदी तसंच.

मग मला हे पटत का नाही?  लोक म्हणतायत, "काय मोठ्या मनाचा माणूस! हाताखालच्या बाईला वाचवलं." मोठ्या मनाचा! चहाखान्यात त्याच्यासाठी माणसं उठून जागा देतायत. माझ्या बापासाठी कुणी उठलं होतं?

न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगून हा संत होणार आणि केलेल्या गुन्ह्याचं कुणी नाव काढणार नाही. नाही. मी हे होऊ देणार नाही. त्यानं जे केलं, त्याचीच शिक्षा त्याला व्हायला हवी.

१० मे

समितीसमोर दोन कागद वाचले.

पहिला, जुन्या नळीच्या पाच कड्या. इबोदुल्ला-अका उठला आणि म्हणाला, हा तुकडा मामासोली उस्ताने उचलला तेव्हा मी शेजारी होतो, त्यावरचा खडूचा क्रमांक माझ्या हातचा. अध्यक्षांनी हमदम-अकाला विचारलं, "हे खरं?" हमदम-अका म्हणाले, "खरं. प्रेस माझी, सही माझी. भट्टीचा दोष नव्हता. मला माहीत होतं."

तेवढंच ऐकायला मी चौदा वर्षं जगले. ऐकलं. खोलीत पंखा फिरत होता.

मग दुसरा कागद. चौदा एप्रिलची मधली कडी, काट्यावरचा आकडा आणि वहीतला आकडा. मी म्हटलं, "चूक नाही. मुद्दाम लिहिलं. नळी फुटावी म्हणून लिहिलं."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "फुटली तर जवळ कोण असेल, याचा विचार केला नाहीत?"

"केला," मी म्हटलं. "कुणी नसेल असा केला."

हमदम-अकांची पेन्शनवर रवानगी, मानाचं पदक गेलं. मला कामावरून काढलं. पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत मला उभं करणार नाहीत. फाटकावर लावायला एक ओळ लिहिली त्यांनी: मामासोली उस्तावरचा ठपका मागे घेण्यात येत आहे.

घरी येऊन आईला ती ओळ दाखवली. तिने दोनदा वाचली, घडी घालून परत दिली. मग विचारलं, "नळीपाशी उभं कोण होतं?"

मी नाव सांगितलं.

"जाऊन आलीस का त्याच्याकडे?"

१३ मे

जाऊन आले.

तिलावोल्दी अंगणात द्राक्षाच्या वेली मांडवावर चढवून बांधत होता. मला पाहून शिडीवरून खाली उतरला. मी मामासोली उस्ताची मुलगी, हे आधी सांगितलं, मग उभ्याउभ्याच बाकीचं. आकडा खोटा होता. मीच लिहिला. त्या दिवशी सदऱ्याला धरून ओढलं म्हणून तुम्ही गिरणीत सगळ्यांना माझं कौतुक सांगत असाल, तर सांगू नका.

त्यानं सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. 

"तुझा बाप आला होता इथे," म्हणाला शेवटी. "इस्पितळातून मला घरी आणलं त्या आठवड्यात. याच ठिकाणी उभा राहिला आणि म्हणाला, मला कळलं होतं आणि मी भट्टीत भरली. मी त्याला बसवलं, चहा दिला. दर महिन्याला यायचा मग, मरेपर्यंत."



"त्याला नळी फुटायला नको होती," तिलावोल्दी म्हणाला. "तुला हवी होती."

घरातून त्याच्या बायकोने हाक मारली, कोण आलंय म्हणून. "कुणी नाही," त्यानं सांगितलं, आणि शिडीवर चढून पुन्हा वेल बांधायला लागला.

मी थोडा वेळ थांबले, मग निघाले. त्यानं चहाचं विचारलं नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही विचारलं नसतं.